बाजार थंड आहे आणि घर विकायचंय? पहिल्यांदा विकणाऱ्यांसाठी तयारीचा क्रम

मराठवाड्यात घरांचा बाजार बऱ्याच अंशी शेतीच्या पैशावर हलतो. नोकरदार आणि व्यापारी आहेतच, पण लातूर, नांदेड, परभणीत घर बघायला येणाऱ्या अनेकांची नजर सोयाबीन, कापूस, तूर नाहीतर उसाच्या बिलाकडे असते. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजार समित्यांत सौदे त्याच्या बरेच खाली होत होते. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने उभी पिकं पाण्यात गेली. अशा वर्षीही घर घेणारे असतात, फक्त त्यांना घाई नसते. माणूस चार घरं बघतो, पुढच्या वेळी मेव्हण्याला घेऊन येतो, कागदाच्या झेरॉक्स मागून वकिलाला दाखवतो आणि कुठे एक शंका सापडली की "बघू दिवाळीनंतर" म्हणत उठतो.

म्हणून तयारी करायची ती त्याच्या शंकांची. माझा क्रम असा: कागद, पाणी, भेगा आणि ओल, भाव, आणि सगळ्यात शेवटी रंग. बहुतेक लोक उलट्या टोकाकडून सुरुवात करतात. घराला लाख-दीड लाखाचा रंग मारतात आणि मग वारसनोंद झालेली नाही म्हणून सौदा सहा महिने लोंबकळतो.

पहिलं काम: कागद

घर कुठल्या प्रकारच्या जागेवर आहे यावर कोणते कागद लागतील ते ठरतं. शहरात नगर भूमापन झालेलं असेल तर मालमत्ता पत्रक, म्हणजे पी.आर. कार्ड. शहराच्या कडेला शेतजमिनीवर प्लॉटिंग होऊन घर उभं राहिलं असेल तर सातबारा, एन.ए. (बिगरशेती) आदेश आणि मंजूर ले-आउटची प्रत. गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे. गावातले लोक त्यालाच मालकीचा कागद समजतात, बँक समजत नाही. तुमच्या गावात स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन सनद किंवा मिळकत पत्रिका निघाली असेल तर ती आधी काढून ठेवा, गिऱ्हाईक दुप्पट विश्वासाने बोलतं.

त्याशिवाय फाइलमध्ये लागतील ते असे: तुमचं स्वतःचं खरेदीखत आणि त्याची सूची क्रमांक २ (नोंदणी कार्यालयातला त्या व्यवहाराचा उतारा), त्याआधीच्या मालकांची खरेदीखतं जेवढी मिळतील तेवढी, बांधकाम परवानगी आणि मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र (बांधकाम पूर्ण झाल्यावर मिळालेली वापराची परवानगी) असेल तर ते, घरपट्टी-पाणीपट्टीच्या चालू वर्षाच्या पावत्या आणि वीज बिल. फ्लॅट असेल तर सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला. जुन्या कागदांवर औरंगाबाद किंवा उस्मानाबाद लिहिलेलं असेल तर त्याने काही बिघडत नाही, नवं नाव टाकून घ्यायला कुठे धावू नका.

आता मराठवाड्यातल्या तीन गाठी, ज्या पुण्या-मुंबईच्या सल्ल्यांत सापडत नाहीत.

पहिली गुंठेवारी. छत्रपती संभाजीनगरात वसाहतीच्या वसाहती एन.ए. न झालेल्या जमिनीचे तुकडे पाडून, साध्या मुद्रांकावर विकून उभ्या राहिल्या. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना नियमित करून घेण्याची वाट मिळाली. तुमचं घर असं असेल आणि तुम्ही प्रमाणपत्र घेतलेलं नसेल, तर विकायला काढण्याआधी महापालिकेत चौकशी करा. कारण सरळ आहे. नियमित नसलेल्या घरावर बहुतेक बँका कर्ज देत नाहीत, आणि कर्ज नाही म्हणजे फक्त रोकडवाला गिऱ्हाईक उरतो. मंदीत तो सगळ्यात कमी सापडतो आणि सापडला की सगळ्यात जास्त पाडून मागतो. शुल्क भरून नियमित केलेलं घर कर्जावर घेणाऱ्यांनाही दाखवता येतं, त्यामुळे हा खर्च मी रंगाच्या कितीतरी आधी करीन.

दुसरी गाठ निजामाच्या काळातली. आपल्याकडे इनाम जमिनी भरपूर: मदतमाश (उपजीविकेसाठी दिलेल्या), खिदमतमाश (सेवेबद्दल दिलेल्या), देवस्थान, शिवाय वक्फच्या. शहर वाढत वाढत अशा जमिनींवर येऊन बसलं आहे. सातबाऱ्यावर "भोगवटादार वर्ग २" दिसलं किंवा इतर हक्कात इनामाचा उल्लेख दिसला, की ती जागा सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही असं समजून चाला आणि महसुलाची कामं करणारा वकील गाठा. शंका असेल तर १९५४ च्या सुमाराचं खासरा पाहणी पत्रक (त्या वेळची जमिनीची नोंद) तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढा. जाणता वकील गिऱ्हाइकाच्या वतीने तेच मागणार आहे, मग ते तुमच्या फाइलमध्ये आधीच असलेलं बरं.

तिसरी गाठ घरातलीच: बहिणी. वडिलोपार्जित घर भावांच्या नावावर चढलं आणि बहिणींनी काही म्हटलं नाही, म्हणून सगळे निवांत असतात. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मापासूनचा असल्याचं स्पष्ट केलं. म्हणून एकतर बहिणींना खरेदीखतावर विकणाऱ्यांमध्ये घ्या आणि त्यांचा हिस्सा त्यांच्या खात्यावर द्या, किंवा त्या खरोखर राजीखुशीने सोडत असतील तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. तोंडी "ताई काही म्हणत नाहीत" हे गिऱ्हाइकाच्या कामाचं नाही. आणि हे बोलणं पाहुणा घर बघायला येण्याआधी करायचं. भाव ठरल्यावर विषय काढला की घरात भांडण पेटतं आणि गिऱ्हाईक पळतं.

वडील वारले असतील तर वारसनोंदीचा फेरफार मंजूर होऊन कार्डावर किंवा सातबाऱ्यावर नावं लागलेली हवीत. अर्ज केलाय, एवढ्यावर कोणी इसार (सौद्याची आगाऊ रक्कम) देत नाही.

कर्ज फेडून झालं असेल तर दोन गोष्टी तपासा. बँकेचा बोजा कार्डावरून कमी झालाय का, आणि मूळ कागद हातात आलेत का. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ डिसेंबर २०२३ पासून, पूर्ण कर्ज फिटल्यावर बँकेने ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे असतात, आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. शाखेत जाऊन एवढं वाक्य बोललात तरी कपाट लवकर उघडतं. कर्ज चालू असलं तरी घर विकता येतं. बँकेकडून शिल्लक रकमेचं पत्र घेऊन ठेवा, म्हणजे गिऱ्हाइकाच्या बँकेला किती रक्कम कुठे वळती करायची ते कळतं.

शेवटी तुमच्याच वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जागेचे जुने व्यवहार आणि बोजे तपासल्याचा अहवाल, काढून घ्या. "तो गिऱ्हाइकाने काढायचा असतो," असं लोक म्हणतील. बरोबर आहे, तो काढेलच. पण त्याच्या वकिलाला जे सापडणार ते तुम्हाला आधी माहीत असलेलं केव्हाही चांगलं. झेरॉक्स देताना प्रत्येक पानावर "फक्त पाहणीसाठी" असं आडवं लिहा आणि आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रतच द्या.

दुसरं काम: पाण्याचं खरं उत्तर

बैठकीत पुरुष भावाबद्दल बोलत असतात तेव्हा त्यांच्यासोबत आलेली बाई मोरीत जाऊन नळ सोडून बघते. तोटीवर पांढरा क्षार बसलाय का, बादलीच्या कडेला रेघ आहे का, टाकी किती लिटरची, हौदाचं झाकण उघडतं का. मग बाहेर येऊन एकच प्रश्न विचारते: "नळाला पाणी कितव्या दिवशी येतं?" ज्या भागाने २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं बघितलं, तिथे हा प्रश्न वास्तूच्या आधी येतो.

उत्तर खरं द्या, कारण शेजारी खरं सांगणारच आहे. पाणी आठव्या दिवशी येत असेल तर आठव्या दिवशी असंच सांगा, आणि लगेच आठ दिवस कसे निघतात ते दाखवा: हौद किती लिटरचा, वरची टाकी किती, बोअर किती फूट, उन्हाळ्यात तो किती वेळ चालतो. घर दाखवायला सुरुवात करण्याआधी ही कामं उरकून घ्या:

- हौद उपसून धुवा, तडे असतील तर आतून वॉटरप्रूफ सिमेंटचा हात द्या, झाकण बदला.
- गळक्या तोट्या आणि बॉलकॉक बदला. हजार-दोन हजाराचं काम आहे, पण ठिबकणारा नळ "या घरात कोणी लक्ष दिलेलं नाही" असं सांगतो.
- बोअरचं पाणी जड असेल तर तोट्यांवरचा क्षार लिंबू नाहीतर व्हिनेगरने काढा, पण पाणी जड आहे हे लपवू नका.
- गच्चीचं पाणी बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडलेलं नसेल आणि जागा असेल, तर पाइप फिरवून घ्या.

बोअर एप्रिल-मे मध्ये चालतो का, हे गिऱ्हाइकाला एप्रिल-मे मध्येच दाखवता येतं. चांगला बोअर असलेलं घर उन्हाळ्यात दाखवायला काढा, हा माझा ठाम सल्ला.

तिसरं काम: भेगा, ओल आणि गच्ची

काळ्या मातीवरचं घर म्हटलं की भेग आलीच. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया तिच्याबरोबर थोडाथोडा हलतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर चढणारी, उन्हाळ्यात रुंद आणि पावसाळ्यात मिटणारी भेग या मातीची ओळख आहे. गिलाव्याला केसासारख्या बारीक रेषा पडल्यात त्या वेगळ्या, त्यांना कोणी घाबरत नाही.

भेग जिवंत आहे का हे कळायला साधी युक्ती आहे. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवायची, शेजारी पेन्सिलने तारीख लिहायची. पट्टी तडकली तर भिंत अजून हलते आहे. दोन ऋतू उलटूनही शाबूत राहिली तर भेग थांबली, मग ती खाचून नीट भरा. जिवंत भेगेत लांबी (पुट्टी) भरून रंग मारला तर पुढच्या उन्हाळ्यात ती त्याच जागी उघडते. गिऱ्हाईक मधल्या काळात आलं तर एकाच पट्ट्यातला ताजा रंग बघून त्याला जे समजायचं ते समजतं.

पट्टीचा निकाल यायला वेळ लागतो म्हणून तोवर मूळ कारणाकडे बघा. जोत्याला लागून पाणी मुरतं का? पावसाळी पाइप भिंतीच्या पायथ्याशीच सोडलाय का? घराभोवती दोन-तीन फूट रुंदीची, बाहेरच्या बाजूला उतार असलेली फरशी किंवा कोबा केला तर जोत्याखालची ओल बरीच आटोक्यात येते. भेग रुंद असेल किंवा शंका असेल तर स्थापत्य अभियंत्याला दाखवून त्याचं सहीशिक्क्याचं पत्र घ्या. औसा, निलंगा, उमरगा, लोहारा या पट्ट्यातला गिऱ्हाईक तर कॉलम-बीम विचारल्याशिवाय राहत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट त्या भागात विसरलेली नाही. तेव्हा दगड-मातीच्या जाड भिंतींनीच माणसं गाडली. तुमचं घर आर.सी.सी. असेल तर बांधकामाच्या वेळचे फोटो, नकाशा, अगदी सळईच्या पावत्या सापडल्या तरी फाइलला लावा.

गच्ची गळत असेल तर आतून डाग पुसण्यात अर्थ नाही. पावसाळी तोंडं बोळे घालून बंद करा, गच्चीवर दोन इंच पाणी अडवा, दोन दिवस ठेवा आणि खालून कुठे ओल उतरते ते खडूने खुणा करून ठेवा. मिस्त्रीला नेमकी जागा दाखवता येते आणि सगळ्या गच्चीचं काम गळ्यात पडत नाही. माळवदाचं (लाकूड-मातीच्या छताचं) जुनं घर असेल तर हे करू नका बरं! तिथे पांढऱ्या मातीचा थर, सर (तुळया) आणि किलच्यांना (त्यांवरच्या लाकडी पट्ट्यांना) लागलेली वाळवी हा वेगळा विषय आहे, आणि खरं सांगायचं तर गावातलं माळवद विकताना किंमत जागेची होते, घराची फारशी नाही. सागाचं लाकूड धड असेल तर त्याचा भाव मात्र वेगळा विचारून ठेवा.

ज्यावर खर्च करू नये

मॉड्युलर किचन, नवं फॉल्स सीलिंग, महागडं गेट. यातला पैसा मंदीत परत येत नाही. घेणारा "आम्ही आमच्या पद्धतीने करू" म्हणतो आणि भाव तोच राहतो. शहाबादी फरशी असेल तर ती काढून टाइल्स बसवू नका. घासून, सांधे भरून, पॉलिश केली तर उन्हाळ्यात पायाला गार लागते आणि ते गिऱ्हाईकच बोलून दाखवतं. साधा पांढुरका रंग एक हात, दरवाजांना ऑइलपेंट, फुटके स्विच बदललेले, माळ्यावरची अडगळ भंगारात, एवढं पुरे. वरच्या मजल्याचं घर तापत असेल तर गच्चीवर पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा रंग मारा.

दक्षिणमुखी दार असेल तर वास्तूवरून वाद घालू नका. ज्याला चालत नाही त्याला चालत नाही.

भाव ठरवताना रेडी रेकनर समोर ठेवा

शेजाऱ्याने किती मागितले याला किंमत नाही, किती घेतले याला आहे. तुमच्या गल्लीतल्या अलीकडच्या खरेद्या नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सूची क्रमांक २ मध्ये दिसतात. प्रत्यक्षातला आकडा थोडा वेगळा असू शकतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण अंदाज येतो.

मंदीत एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. रेडी रेकनर म्हणजे सरकारने ठरवलेले दर. त्यांनी निघणारं सरकारी मूल्य बाजारभावापेक्षा वर गेलं की दोन्ही बाजूंना फटका बसतो. समजा रेडी रेकनरने घराचं मूल्य ४० लाख होतं आणि तुम्ही ३४ लाखांत दिलं. मुद्रांक शुल्क ४० लाखांवरच लागेल. आयकरातही सरकारी मूल्य सौद्याच्या ११० टक्क्यांच्या आत असेल तरच सौद्याची रक्कम धरतात. ३४ लाखांचे ११० टक्के ३७ लाख ४० हजार, म्हणजे ४० लाख त्याच्या बाहेर. मग तुमचा नफा ४० लाख मिळाले असं धरून मोजला जातो आणि घेणाऱ्याच्या उत्पन्नातही फरकाचे ६ लाख धरले जाऊ शकतात. तेच ३७ लाखांना दिलं तर ११० टक्के ४० लाख ७० हजार होतात आणि प्रश्न मिटतो. रेकनर खरोखरच अवास्तव असेल तर आयकर अधिकाऱ्याकडे मूल्यनिर्धारण अधिकाऱ्यामार्फत तपासणीची मागणी करता येते, पण तो लांबचा रस्ता. म्हणून तळाचा भाव ठरवायच्या आधी रेकनरचं मूल्य काढून घ्या. दर साधारणपणे १ एप्रिलला बदलतात, मार्चमध्ये सौदा चालू असेल तर हे लक्षात असू द्या.

दोन वर्षांहून जास्त काळ तुमच्याकडे असलेल्या घराचा नफा दीर्घकालीन धरतात. कर १२.५ टक्के, महागाईचा निर्देशांक न लावता. घर २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं असेल तर निर्देशांक लावून २० टक्के, यात जो कमी पडेल तो. २००१ च्या आधीचं घर असेल तर खरेदी किमतीऐवजी धरायला १ एप्रिल २००१ चं मूल्य नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाकडून काढून घ्या. नफा दुसऱ्या घरात घालून कर वाचवायचा असेल तर विक्रीनंतर दोन वर्षांत खरेदी किंवा तीन वर्षांत बांधकाम. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत रक्कम वापरली गेली नसेल तर बँकेत भांडवली नफा खात्यात ठेवावी लागते. सी.ए.ला सौदा झाल्यावर नाही, भाव ठरवताना भेटा.

घेणाऱ्याच्या हिशोबाचाही विचार करा. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत. खरेदी फक्त महिलेच्या नावाने केली तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे. ४० लाखांवर ४० हजार रुपये वाचतात. ही गोष्ट तुम्ही सांगितली की बोलणी जरा मऊ होतात.

कधी काढायचं, कसं दाखवायचं

पितृपक्षात कोणी येत नाही, त्या दिवसांत मिस्त्रीची कामं उरका. दसरा-दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत सोयाबीन आणि कापसाचा पैसा फिरतो. लग्नसराईत घरं बघणं होतं, घेणं कमी. लातूर, नांदेड, संभाजीनगरात दहावीच्या निकालाच्या आसपास, मे-जूनमध्ये, मुलांना अकरावी आणि नीट-जेईईच्या शिकवणीसाठी आणणारे पालक येतात. शिकवण्यांच्या भागाजवळ घर असेल तर जाहिरातीत वास्तूच्या आधी ते अंतर लिहा.

घर सकाळी दहाच्या आत दाखवा. मे महिन्यात दुपारी तीनला गच्चीवर नेलेला माणूस परत येत नाही.

दलाल एक किंवा फार तर दोन. पाच जणांना सांगितलं की पाच वेगवेगळे भाव बाजारात फिरतात आणि गिऱ्हाइकाला वाटतं घर अडलंय. मोबदला किती टक्के आणि कधी, हे व्हॉट्सॲपवर तरी लिहून घ्या.

इसारापासून रजिस्ट्रीपर्यंत

इसारपावती वकिलाकडून लिहून घ्या: एकूण रक्कम, इसार, मुदत, कर्ज नामंजूर झालं तर काय, सौदा कोणी मोडला तर काय. मंदीत मुदत लांब मागतात. ९० दिवस द्या, त्यापुढे वाढीव इसार घ्या, नाहीतर घर अडकून पडतं. घराच्या सौद्यात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम, इसारासकट, रोख घेऊ नका. घेतलेल्या रकमेइतका दंड होऊ शकतो. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर घेणारा १ टक्का टीडीएस (आयकराची आगाऊ कपात) कापेल, त्यासाठी तुमचा पॅन लागेल.

पूर्ण रक्कम खात्यावर दिसल्याशिवाय किल्ली देऊ नका, नात्यातला माणूस असला तरी. दुय्यम निबंधक कार्यालयात जाताना दोन साक्षीदार, मूळ ओळखपत्रं आणि मूळ कागदांची यादी घेणाऱ्याच्या सहीसाठी दोन प्रतींत न्या. निघण्याआधी महावितरणच्या मीटरचा आकडा फोटोसह लिहून घ्या आणि नाव बदलण्याच्या अर्जावर तिथेच त्याची सही घ्या.